फलाटाखालच्या चपला

चहा घ्या, पण आधी मला सांगा, रेल्वेच्या फलाटावर कुणी चपला काढून चढतं का? आमचं गाव चढतंय.

वसमतकडचं आमचं बारकं स्टेशन बंद पडलं अन् गाड्या न थांबता जाऊ लागल्या. मोकळ्या फलाटावर आमी उकडलेली हळद वाळू घालायला लागलो. माझी काकी दर हंगामाला तो फलाट झाडायची, गवत उपटायची, भेगा बुजवायची. कुणी चपला घालून चढलं की ओरडायची, "काढ त्या! खळं हाय ते!"

मग स्टेशन नव्यानं बांधायचं ठरलं. इंजिनिअर साहेब पाहणीला आले अन् तसेच वर चढायला लागले. काकी हळद पसरून राहिली होती. तिनं वर न बघताच आवाज दिला, "बूट खाली काढा!"

साहेबांनी गुमान बूट काढले. हातोडीनं जागोजागी फलाट ठोकून पाहिला अन् म्हणाले, "कागदावर हा पाडायचा लिहिलाय. इतका धड ठेवला कुणी?"

मी काकीकडं बोट केलं. साहेबांनी तिला हात जोडले. इमारत नवी झाली, फलाट तोच राहिला.

पहिली गाडी थांबली त्या दिवशी अख्खं गाव अनवाणी उभं, खाली चपलांची रांग. खिडकीतून एकानं विचारलं, "मावशी, इथं कोणता देव आहे?"

काकी म्हणाली, "देव न्हाई बाबा, खळं हाय. लई वर्षं आमच्या पोटाला दिलं त्यानं. आज ज्याचं त्याला, रेल्वेला, परत करून राहिलो."