फॉर्मातला एक रकाना

आमचं गाव नरखेड तालुक्यात, संत्र्याचा पट्टा, पण बाबाले नागपूरजवळच्या वाडीत गोडाउनमधी काम भेटलं तं आम्ही इकडं आलो, मी तवा बारा वर्षांची. गावात भजनी मंडळात मी पेटी वाजवत होती. बाया म्हणत, हे पोट्टी कोणाच्या डोळ्यात पाहत नाही पण पेटीवर बोट चुकत नाही. भजनात कोणीच कोणाच्या डोळ्यात पाहत नाही ना, सगळे देवाकडं पाहतात, म्हून मले ते जमे. काय सांगू तुम्हाले ताई, तसं सुख मंग नाही भेटलं.

वाडीत दिवसभर ट्रकचे हॉर्न. शाळेत मी कानावर हात ठेवून बसे, सर म्हणत नाटकं करते. बी.ए. झाल्यावर डॉक्टरीणबाईनं सांगतलं का ऑटिझम आहे. मी तं खूश झाली, म्हटलं चला, आपण नाटकं करत नव्हतो. आई रडली. म्हणे कोणाले सांगू नको वं, तुझं लग्न व्हायचं आहे. आता मी सव्वीसची, अजून व्हायचंच आहे.

नागपुरात मनीषनगरले ऑटिझमच्या लेकरांचं एक केंद्र आहे, तिथं दर रविवारी मी पेटी वाजवायले जाते. रिद्धी म्हून सात वर्षांची पोरगी, बोलत नाही. बाकीच्या ताया टाळ्या वाजवून तिले बोलवत अन् ते टेबलाखाली शिरे. टाळी कानात कशी घुसते ते मले माहीत आहे. मी टाळ्या बंद करायले लावल्या, टेबलाजवळ तिच्याकडं पाठ करून बसली अन् एकच सूर धरला, सा, दुसरं काही नाही. केंद्राच्या मॅडम म्हणे हे काय वाजवून राहिली वं तू, एखादं गाणं वाजव. मी म्हटलं थांबा. सहाव्या रविवारी टेबलाखालून तोच सूर आला, बारीक, पण पक्का. मी वळून पायलं नाही. रडली मात्र, पेटी न थांबवता.

तवाच ठरवलं, म्युझिक थेरपीचा कोर्स करायचा, जन्मभर हेच करायचं. मागच्या वर्षी त्याच्या प्रवेश परीक्षेले गेली, ऑटिझमचं फॉर्ममधी लिहिलं नाही, रकाना कोरा सोडला. भरलेला हॉल, वर पंखा घरघरून राहिला, पाच मिनिटांत मी बाहेर पळाली.

अन् यंदा मी चूक केली. रिद्धीची आई खुशीत विचारे, तुम्हाले कसं समजते हो तिचं. मी म्हटलं, मी पण तशीच आहे. तिचा चेहरा बदलला असन, मले चेहरे उशिरा समजतात. पुढच्या रविवारी मॅडमनं बोलावलं. ते बाई म्हणते म्हणे, जिचं स्वतःचंच तसं आहे तिच्याजवळ बसून पोरगी अजून बिघडन. मॅडम म्हणे मी तिले सांगतलं का तू गंमत केली, आता हा विषय कोणाजवळ काढू नको, तं कोर्सले लागते ते केंद्राचं पत्र देते. मले गंमत करता येत नाही ताई, पण मी मान हलवली. नाही तं पोरगी यायची बंद झाली असती.

आता यंदाचा फॉर्म समोर आहे. सगळं भरलं, एक रकाना राहिला, यंदा तो कोरा चालत नाही. काही दिव्यांगत्व आहे काय, हो का नाही. हो लिहिलं तं परीक्षेले शांत खोली भेटते, पण फॉर्म मॅडमच्या हातून जाते, मंग त्याईचं पत्र जाते, रिद्धी जाते. नाही लिहिलं तं परत तोच हॉल. आई म्हणे नाहीच लिही, पाहुणे येऊन राहिले तुले पाहायले. बाबा जेवून उठतात. दोन्हीकडून कोंडली मी.

उद्या शेवटची तारीख. सकाळपासून त्या रकान्यावर बोट नेते अन् काढते. खोटं लिहिता येत नाही, मी लय चांगली आहो म्हून नाही, बोटच चालत नाही.

तुम्ही हे लिहून राहिल्या, तं माझं नाव नका टाकू. पोरीचं पण बदला. देव भलं करो तिचं. मोठी झाली का तिनं तरी हे सगळं स्वतःच्या नावानं सांगावं.