पर्लवाल्यांना घातलेलं गाऱ्हाणं

आभाळ असं, की पडायचंही नाही आणि उघडायचंही नाही! सकाळपासून नुसता कोंदटपणा, वारा नावाला नाही, माडाचं एक पातं हलेल तर शपथ, घाम मानेवरनं निघतो तो थेट कमरेला थांबतो, आणि इकडे खळ्यात कापलेलं भात पसरलेलं... आता ते झाकू की वाळू देऊ? दहा वेळा ताडपत्री घातली, दहा वेळा काढली, अकराव्यांदा घालतोय तर पडवीतून हुंदका! माझी नात, तन्वी. पंचवीस वर्षांची पोर लॅपटॉपपुढे बसून रडतेय. आता मला सांगा, माणसानं भाताकडे बघायचं की पोरीकडे?

मी काही शिकलेला नाही. शाळेवर चढलो तो कौलं परतायला, आत बसायला नव्हे. पण तुम्हाला सांगतो, पोरीचं काम माझ्या चांगलं ध्यानात आलंय. कॉम्प्युटरला कामं सांगायच्या भाषा असतात म्हणे, ढीगभर, त्यातली हिची एकच, पर्ल. जुनी भाषा. नवीन पोरं तिच्या वाटेला जात नाहीत, पण जगभरची जुनी कामं तिच्यातच लिहून ठेवलेली, ती बिघडली की दुरुस्तीला माणूस शोधत फिरतात. म्हणजे माझंच की हो! सगळ्यांनी घरांवर पत्रे घातले, आणि ज्यांची कौलं राहिली ते "गंगारामानू, कधी येतास?" करत दारात! तर ही अशीच, नोकरी नाही, साहेब नाही, माझ्या पडवीत बसून एकेकाचं काम घेते. तिच्या बापाला, म्हणजे माझ्या मंगेशला, ते पसंत नाही. पुण्याहून फोनवर, "दिवाळीपर्यंत बघतो! जमलं तर ठीक, नाही तर भाऊबीज झाली की बॅग भरायची आणि पुण्याला नोकरीला!" आणि दिवाळी आली पंधरा दिवसांवर. ती गेली की ह्या घरात मी आणि ताडपत्री.

"काय झाला गो?"

"काही नाही, आबा."

काही नाही म्हणून कोण रडतं हो? पण मला घाई नसते. बसलो शेजारी, पान लावलं, आणि ते अर्धं चघळून होतंय तोवर निघालं सगळं बाहेर. कुठल्याशा परदेशातल्या वाचनालयाचं काम. त्यांच्याकडे लेखकांच्या नावांत डोक्यावर दोन टिंबं असलेली अक्षरं असतात, ती हिच्या प्रोग्रामातून बाहेर पडताना पार चेचून निघतात, नावाच्या मध्येच चौकोन काय, खुणा काय, कायच्या काय! आज शनिवार, सोमवारी सकाळी द्यायचं, नाही दिलं तर काम गेलं, आणि काम गेलं की पोर पुण्याला.

"मगे कोणाक तरी विचार."

"विचारलं ना! तीनदा! कोणी दादच देत नाही!"

तर ह्या पर्लवाल्यांचं एक मंडळ आहे म्हणे, इंटरनेटवर. जगभरची माणसं, ह्याच भाषेत सुटी कामं करणारी. तिथे पुस्तकं फुकट वाचायला, जुन्या प्रश्नोत्तरांचा ढीग, कोणाकडे काम असेल तर त्याची पाटी, रविवारी पडद्यावर तोंडं दाखवून गप्पा, आणि अडलं तर विचारायला चव्हाटा. एवढं सगळं असून पोर रडते? म्हटलं, काय विचारलंस ते वाच बघू.

वाचलं. "माझा प्रोग्राम चालत नाही. खूप अर्जंट आहे. प्लीज मदत करा."

"फुडे?"

"पुढे काय? एवढंच."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तेच. फक्त अर्जंट दोनदा लिहिलं."

मी काही शिकलेला नाही, पण तुम्हाला सांगतो, असं कोणी गाऱ्हाणं घालतं का? आम्ही देवळात उभे राहतो, देवाला काय ठाऊक नसतं? असतं! तरी नाव सांगायचं, गाव सांगायचं, काय झालं, कधीपासून झालं, काय काय करून बघितलं, आणि हवंय काय. नुसतं "देवा, चालत नाही, अर्जंट आहे" म्हटलं तर देवसुद्धा कूस बदलून झोपेल!

"लिव," म्हटलं. उभा राहिलो, टोपी घातली, हात जोडले. "बा देवा म्हाराजा..."

"आबा, तिथे देव नाहीत, प्रोग्रामर आहेत!"

"जाणकार आसत मां? मगे हात जोड! ...आज ही तुमची लेक तन्वी, अडचणीत सापडान तुमच्या पायाशी इली आसा रे म्हाराजा..."

आणि कुंपणापलीकडून, "व्हय म्हाराजा!"

शेजारचा गणपत! तो आपला त्याचं भात झाकत होता, देवळात गाऱ्हाण्याला सगळे म्हणतात तसं सवयीनं बोलून गेला. त्याला पर्ल ठाऊक नाही की टिंब ठाऊक नाही, पण गाऱ्हाणं कानावर पडल्यावर गप्प कसा राहील माणूस? मग काय, मशीन कुठलं ते लिही, यादीतली तीन नावं जशीच्या तशी लिही, आत काय घातलंस, बाहेर काय आलं, यायला काय हवं होतं... ती सांगतेय, मी "मगे? मगे काय केलंस?" विचारतोय, गणपत "व्हय म्हाराजा" म्हणतोय, भात दोन्ही घरांचं उघडं! "...आणि काय चुकला माकला असात तर पदरात घे, वाट दाखव रे म्हाराजा! काम झाला तर नारळ देतंव!"

"नारळ पण लिहू?"

"लिव!"

लिहिलं हो तिनं, इंग्रजीत, नारळासकट!

ताडपत्री घातली, पेज चुलीवर ठेवली, ती उतू जायच्या बेताला आली तोवर हाक, "आबाऽऽ!" उत्तर! फिनलंड की काय तिथल्या, माझ्याच वयाच्या कोणा माणसाचं. अक्षरं कुठल्या पद्धतीची ते हिनं बाहेर देताना सांगितलं होतं, आत घेताना सांगायचंच राहिलं होतं. एक ओळ! एका ओळीपायी पोर एवढी रडली! पाठोपाठ ब्राझीलचा एक, मग केरळची एक बाई, "हेही तपास, तेही तपास," आणि त्या म्हाताऱ्यानं सगळ्यात खाली लिहिलेलं, "नारळ कधी पाठवताय?"

सोमवारी काम वेळेवर पोचतं केलं, आठवड्यानं त्याच वाचनालयानं पुढच्या वर्षभराचं दिलं. मंगेशनं फोनवर पैशांचा आकडा दोनदा विचारून घेतला. मग म्हणाला, "बरं. राहू दे तिला तिथेच." मी डोळे पुसले. घाम होता म्हणा.

इथं संपावं ना? नाही! मंडळानं तिचं गाऱ्हाणं सगळ्यांच्या वर टाचून ठेवलं, नवख्यानं प्रश्न असा विचारावा म्हणून! आता दर रविवारी तन्वी मला टोपी घालून पडद्यापुढे बसवते. कोणी "चालत नाही" म्हटलं, की सगळे म्हणतात, आबांना सांग. मी काही शिकलेला नाही, नुसतं विचारतो, "मगे? मगे काय केलंस?" तन्वी ते त्यांच्या भाषेत सांगते, आणि तुम्हाला सांगतो, निम्मे जण उत्तर देता देताच "थांबा, सापडलं!" करून पळतात! तो ब्राझीलवाला तोंडात घास असताना ओरडतो, "व्हय म्हाराजा!"

परवाच्या रविवारी म्हटलं, आज जरा पाठ टेकावी. कसली टेकता! गणपत नवा शर्ट घालून, केस विंचरून, घरची खुर्ची घेऊन थेट लॅपटॉपपुढे. म्हटलं, बाबा रे, तुझं काय अडलंय? तर माझ्याकडे बघेल तर ना! जगभरच्या त्या तोंडांपुढे हात जोडले आणि सुरूच झाला,

"बा पर्लवाल्यांनू, माझो झील सुशांत, वय चौतीस, घर सोताचा, हापूसची कलमां चाळीस, दारूक शिवणा नाय; सतरा ठिकाणी बघून झाला, फोटो बदलून झालो, मिशी काढून झाली, तरी लगीन काय जमणा नाय... ह्येच्यात खंयची ओळ ऱ्हवली, ती जरा बघा रे म्हाराजा!"