न भाजणारे हात

सुई नाई बाई, पेन आहे हा — साधा, निळ्या शाईचा, यानंच मी दिवसभर नावं लिहिते. टोचत नाई, नुसता टेकवते. तुमी डोळे मिटायचे आणि जिथी टेकला तिथी बोट ठेवायचं, बस. दोन मिनिटं नाई लागत, रुखमाबाई. टेम्पो कुठी जाते तुमाले सोडून? तुमच्या टोळीचे मुकादम पोचूभाऊ आत्ता गाठोडीच चढवून राह्यले, मी पंचायतीजवळून पाहूनच आली. — काऊन म्हणजे? दवाखान्याकडून सगळ्याइचीच तपासणी आहे, पण मिरची तोडाले जाणाऱ्या बायांची आधी. एकदा तेलंगणात गेल्या की होळीपर्यंत तुमी कोणाले सापडता? आणि मघाशी तुमी सुनेले हसत म्हणाल्या ना — मले आता मिरची भाजत नाई, हाताले सवय झाली — ते ऐकलं मी. नाईतर खरं सांगते, तुमचं दार सोडून पुढं गेली असती, ऊन किती आहे.

सवय असंल. असू शकते. पण आईबी हेच म्हणे. — हो, गोकुळाचीच आचल मी, तळ्याच्या पाळीवरचं घर. तुमी तर तिच्या बाजूच्या ओळीत तोडत होत्या, आठवते? बारावीच्या साली मीही आली होती तुमच्या टोळीत. संध्याकाळी सगळ्या बाया पालासमोर बादलीत हात बुडवून बसायच्या, लेकराले घेता येत नसे की तोंड पुसता येत नसे, खोकून खोकून बरगड्या दुखायच्या — आणि माझी आई त्याच हातानं चुलीवरचा भाताचा गंज उतरवायची, फडकं न घेता. पोचूभाऊ म्हणायचे, हे पाहा गोकुळाबाईचे हात आणि हे पाहा तुमचे, लाडोबाचे! मी कॉलेजात मैत्रिणींना सांगितलं होतं, माझ्या आईले मिरची लागत नाई. मिरवून सांगितलं. फोड यायचे तिले, फुटायचे, तिले पत्ता नसे, मीच दाखवायची — आई, रक्त आहे. ती म्हणायची, असंल.

मग करंगळी वळली. मग बाजूचं बोट. डॉक्टरनं विचारलं, हाताले समजत नाई असं कधीपासून? तर आई म्हणे, समजत कसं नाई, मी सगळ्याइच्या दुप्पट तोडते! हसत म्हणे. डॉक्टर नाई हसला.

वात? हो, गावात आमी वाताचंच सांगितलं. वात नव्हता बाई, कुष्ठरोग होता. — अशा मागं नका सरकू. बरा झाला तो, वर्षभर गोळ्या घेतल्या, फुकट मिळतात. पहिल्या गोळ्यांनंतर पसरतही नाई, हे मी घरोघरी सांगते, तोंडपाठ आहे. बोटं तेवढी राह्यली तशीच. लवकर गेलो असतो तर... जाऊ द्या. हे मी सांगायचं नव्हतं. कोणाजवळ बोलू नका, तुमाले हात जोडते. ती आता घराबाहेर निघत नाई. ताट वेगळं घेते, आपलं आपण धुते, कोणी म्हटलं नाई तिले. मीही नाई म्हटलं — म्हणजे, नको घेऊ वेगळं, असंही नाई म्हटलं. वर्ष झालं, तिच्या हातचा घास नाई खाल्ला मी. आणि लोकांच्या दारात सांगते, शिवल्यानं काही होत नाई.

द्या हात. डोळे मिटा — घट्ट. इथी? बरोबर. इथी? हो. अंगठ्याखाली... हो. करंगळीजवळ? — थांबा, पुन्हा. बरोबर. मनगट? बरोबर. उघडा. काही नाई तुमाले, घट्टे आहेत नुसते. भाजत नाई म्हणता ते घट्ट्यांमुळे. जा खुशाल. पण तिकडं कुठी चट्टा दिसला, बोटाले मुंग्या आल्या, तर दवाखान्यात जा, पोचूभाऊले विचारत नका बसू — आई गं! काय पडलं? — बकरी होय. मी अशीच दचकते आजकाल. भांडं पडलं, फोन वाजला, कोणी मागून आचल म्हटलं की दचकते. दचकते तेवढी. बाकी काही होत नाई. आईचा रोग कळला त्या दिवशीही रडू आलं नाई मले, मावशीनं विचारलं, तुले काही वाटत नाई काय वो? काय सांगू.

बाई, तुमी किती महिने नाई इथी? अडीच? — नाई, सहजच. एक काम होतं. हा पेन धरा. धरा ना. दिवाळीपासून माझ्या कोपराच्या वर, मागून, एक चट्टा आहे — फिक्का, रुपयाएवढा. उन्हाचा असंल. सूरज असते माझ्यासंगं तपासणीले, तो बाहेर पुरुषांची करून राह्यला, पण त्याले कसा दाखवू? आईले म्हणावं तर तिच्या बोटात पेन राहत नाई. आणि तिनं पाहिला तर ती... ती ताटासंगं चूलही वेगळी करंल. आणि आपली आपण नाई करता येत ही तपासणी, करून पाहिली मी, किती वेळा. डोळे मिटले तरी आपल्याले माहीत असते ना, कुठी टेकवून राह्यलो. मग लागलंच असं वाटते. दुसऱ्याचाच हात लागते.

काही घाई नाई, टेम्पोचा हॉर्न वाजू द्या. ही बाही वर केली. दिसला? काही बोलू नका, मी तुमच्या तोंडाकडंही नाई पाहत. डोळे मिटते. तुमी पेन टेकवा, मी बोट ठेवते — नुसता टेकवा, दाबू नका.

हं.

टेकवा ना.

बाई, अजून टेकवला नाई ना तुमी?