नेपच्यूनपलीकडचा गोळा पाहिला कुणी?

समारंभाचे आणि शाळा समितीचे अध्यक्ष आदरणीय पुंडलिकराव, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी, पालक आणि आजी-माजी विद्यार्थ्यांनो,

तेहतीस वर्षं सफाळ्याच्या या शाळेत विज्ञान शिकवलं, आज निवृत्त होतेय. खरं सांगू? दमले. कौतुक ऐकूनसुद्धा माणूस दमतो. आत्ताच सांगितलं गेलं, की वत्सलाबाईंच्या, म्हणजे माझ्या, मार्गदर्शनाखाली अनुज आणि रिद्धीने नेपच्यूनपलीकडचा बर्फाळ गोळा शोधला. आठ वर्षं हे ऐकून मी मान डोलावतेय. आज नाही डोलावणार.

तेव्हा एका संस्थेकडून दुर्बिणीचे फोटो शाळेच्या संगणकावर यायचे. आकाशाचा तुकडा तोच, दिवस वेगळे. सरकलेला ठिपका शोधून कळवायचा. एक ठिपका जेमतेम केसभर सरकला होता. मी म्हटलं, डाग असेल, पुढे चला. नववीतली नवसी हटूनच बसली. "नाय बाई, डाग नाय. हालला हाय तो." आणि हलला होता हो! इतका लांब, की सूर्याभोवती एक फेरी घालायला त्याला तीनशे वर्षं लागतात.

अहवाल पाठवायच्या आठवड्यात नवसी आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेली. दिवाळीनंतर जातातच, आपल्याला काय नवीन आहे? सलग गैरहजर दिसली, म्हणून मी पटावरून नाव कमी केलं. पटावर नसलेल्या मुलीचं नाव अहवालात कसं घालायचं? मग शेजारी बसणाऱ्या अनुज-रिद्धीची घातली. कसली घाई होती मला?

उन्हाळ्यात ती परत आली. भिंतीवरचं त्या दोघांच्या नावाचं प्रमाणपत्र वाचलं. दहावीला आलीच नाही. आता बोईसरला कंपनीत पॅकिंग करते, सालवडला राहते. आज अर्धी रजा टाकून आलीय, मागच्या रांगेत बसलीय.

मी त्या फोटो पाठवणाऱ्या संस्थेला सगळं लिहून कळवलंय. नाव दुरुस्त होईल, पण शाळेची सही हवी. अनुज-रिद्धीने लगेच सह्या दिल्या. अध्यक्षमहाराज, आपण मात्र चार महिने म्हणताय, "शाळेची बदनामी होईल, नंतर बघू." हा घ्या कागद, हे पेन. आधी सही, मग शाल.

...हं. इथे, खाली. आभारी आहे.

आपण सगळे आलात, तुमचेही आभार. शेवटी चूकभूल पोटात घाला म्हणायची रीत आहे. तुम्ही घालालही. पण ही माफी तुमच्याकडे मागून चालणार नाही.

नवसी, उठू नकोस. मीच खाली येते.