सदाशिवचं पाप

आमच्या भोंगवलीच्या सिनेमावाल्याचं तुम्हाला कधी सांगितलंय का? शेजारच्या धोंडाबाईचा सदाशिव, मुंबईत सिनेमे काढायचा. पहिल्यावर वर्तमानपत्रं तुटून पडली, दुसरा सरकारनं बंद पाडला आणि तिसऱ्याला पुण्यातल्या लोकांनी दगड मारून पडदाच फाडला. बिचारा डोक्याला पट्टी बांधून घरी आला, तर आई उंबऱ्यात आडवी.

“आदी पाप सांग, मगच आत ये.”

मी हातातलं सूप टाकून कुंपणाशी गेले. नीट ऐकू यायला नको?

“ह्या तिसऱ्यात एका विधवेचं दुसरं लगीन दाखवलं,” सदाशिव म्हणाला.

“बरं. फुडं?”

“फुडं काय न्हाई. तेवढंच.”

धोंडाबाईनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. आमच्यात नवरा वारला की बाईचं दुसरं लगीन होतं, त्याला पाट लावणं म्हणतात. माझा लागलाय, तिचाही लागलाय. कुणी खडासुद्धा मारला नाही.

“खरं बोल,” मी विचारलं, “पयला नवरा जित्ता व्हता का?”

“न्हाई वो काकी!”

“मग देवाची टिंगल केली असशील.”

“ती बी न्हाई.”

धोंडाबाईनं पदर खोचला. मग म्हणाली, “ही समदं दाखवाया किती येळ लावलास?”

“अडीच तास.”

“अडीच तास? अरं, माझा पाट घटकेत उरकला! लोकं दगडच मारणार की. ये आत, भाकरी खा.”

मला तर तेच कारण पटलंय. दुसरं अजून कुणी सांगितलेलं नाही.