बाबांनी निकाली काढलेल्या तक्रारी

स्वयंसेवक मिळत नाहीत म्हणून घरचा माणूस कामाला लावू नका रे कधी!

आम्ही काही मित्र मिळून मोबाइलसाठी ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येणारा, मराठी कीबोर्ड बनवतो ना, त्याच्या तक्रारी आम्ही एका फुकटच्या वेबसाइटवर जमवतो. साडेतीनशे तुंबल्या होत्या. बाबा सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले, मुंबईत करी रोडच्या घरात दिवसभर बसून कंटाळलेले. म्हटलं, "बाबा, सारख्या तक्रारी एकत्र करा फक्त." लॉगिन दिलं आणि कामावर गेलो.

संध्याकाळी बाबा म्हणाले, "पेंडिंग शून्य."

मी उडालोच. "शून्य? दुरुस्त कोणी केल्या?"

"दुरुस्त तुम्ही करायच्या. मी निकाली काढल्या."

उघडून बघतो तर प्रत्येक तक्रार बंद, आणि खाली एकच शेरा: 'अर्जदाराने मूळ कागदपत्रे व दोन झेरॉक्ससह समक्ष भेटावे. वेळ अकरा ते एक.' त्याखाली आमच्या घरचा पत्ता!

"अहो बाबा, लोक कॅनडातून लिहितात!"

"ज्याला खरी गरज असेल तो येईल," बाबा शांतपणे म्हणाले.

शनिवारी मी घरीच होतो. बेल वाजली. दारात घामाघूम झालेले एक गृहस्थ.

"नाशिकहून आलो. तुमच्या कीबोर्डवर 'क्ष' उमटत नाही हो." त्यांनी फाइल पुढे केली. आत मोबाइलच्या स्क्रीनचा फोटो आणि त्याच्या दोन झेरॉक्स.

बाबांनी चष्मा लावून फाइल चाळली, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"एक वाजून पाच झाले. सोमवारी या."