रुमालाखालचा होकार

जपानी कलेचं मला विचारू नका, माझे हात पोळलेत.

नगरला आमच्या कलादालनात एका जपानी मंडळाचं फोटोप्रदर्शन लावलं होतं. ही मंडळी भर रस्त्यात काहीबाही करतात आणि त्यालाच कला म्हणतात. माणूस फिरकेना, म्हणून मी घोडेगावहून मामांना बोलावलं. मामा तिथल्या जनावरांच्या बाजारात दलाल.

एका फोटोत दोन जपानी रुमालाखाली हात धरून उभे होते. पुण्याच्या संयोजक बाई समजावू लागल्या, "सहा तास असेच उभे होते. माणसांमधला संवाद खुंटलाय, हे दाखवायला."

"खुंटला कशानं? म्हशीचा भाव चाललाय," मामा म्हणाले. "आमी बी जनावराचं वेत, म्हंजे कितव्यांदा व्यालं ते, इचारतो आन् रुमालाखाली बोटं दाबूनच भाव ठरवतो. पन सहा तास म्हंजे गिऱ्हाईक लई चिकट हाय."

बाई हरखल्या. "मला करून दाखवा ना!"

मामांनी खांद्यावरचा रुमाल हातांवर टाकला आणि बोटं दाबली. बाई दर वेळी हसून मान डोलवत होत्या.

"झाला सौदा," मामा म्हणाले.

मला वाटलं, गंमत. सकाळी येऊन पाहतो तर दालनाच्या दारात म्हैस बांधलेली!

"अहो मामा, बाईंना त्यातलं काय कळतंय?"

"मान डोलवली न्हवं? मग आता शब्द फिरवायचा न्हाई."

मी घाबरत घाबरत बाईंना बाहेर आणलं. त्यांनी म्हशीला डोळे भरून पाहिलं आणि शेजारच्या भिंतीवर कार्ड चिकटवलं : 'शीर्षकहीन'.

मामांनी माझ्याकडं पेन मागितलं, कार्डावरचा शब्द खोडला आणि खाली लिहिलं : 'चंद्री. दुसरं वेत.'